बोरीच्या माळावरची सरळ रेघ

वेड पांघरून पेडगावला जायचं असतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. काहीही न पांघरता, खांद्याला एक पिशवी आणि डोळ्यांत अर्धी झोप एवढ्याच भांडवलावर पेडगावला पोचता येतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. (म्हणीतलं पेडगाव वेगळं, परभणीजवळचं वेगळं, असं नंतर मला तिघांनी बजावून सांगितलं. असेल. वेड तेच होतं.)

झालं असं, की नाशिकहून निघालेली माझी गाडी सकाळी कुठल्याशा स्टेशनात थांबली. मी दचकून जागा झालो. समोरच्या गृहस्थांना विचारलं, "परभणी?" ते म्हणाले, "आलीच." मी पिशवी उचलली आणि उतरलो. समोरून एक गाडी धडधडत निघून गेली, तिला वाट दिल्यावर आमचीही निघाली, आणि फलाटावर उरलो मी, दुधाच्या कॅनवर बसलेला एक माणूस आणि पिवळ्या पाटीवरची ‘पेडगाव’ ही अक्षरं.

"परभनीला जायचं व्हतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग हितं कामून उतरलात?" (कामून म्हणजे कशासाठी.)

"गाडी थांबली म्हणून."

"गाडी काय, कुठंबी थांबती."

त्यानंच मला मोटारसायकलवर दोन कॅनच्या मध्ये तिसऱ्या कॅनसारखं बसवलं आणि परभणीच्या स्टँडकडे निघाला. वाटेत विचारलं, काय काम काढलं? मी वाऱ्यावर ओरडून सांगितलं, की बोरीच्या शाळेत विज्ञान दिनाचं व्याख्यान आहे. अंतराळातून पृथ्वीवर वीज कशी आणायची, हा विषय आहे. स्टँडवर मला उतरवताना म्हणाला, "आदी परभनीला उतरायचं शिका, सायब."

जिंतूरच्या एसटीत खिडकी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळीभोर जमीन, तिच्यावर वाळत आलेली ज्वारी, मधूनच हरभरा काढून मोकळं केलेलं रान. फेब्रुवारी अजून संपला नव्हता आणि सकाळी नऊलाच ऊन कपाळावर बोट ठेवून बोलत होतं. झरीला गाडी जरा टेकली तेव्हा उतरून गाड्यावर सुशीला खाल्ला (भिजवलेले चुरमुरे कांदा-मिरचीच्या फोडणीत परततात, तो इकडचा नाश्ता). बशी संपेपर्यंत कंडक्टरनं माझ्यासाठी गाडी थांबवून ठेवली होती, हे मला आत चढल्यावर लोकांच्या नजरांवरून कळलं. एक आजी म्हणाल्या, "खाऊ द्या की. कुठं आग लागलीय." आग माझ्या जिभेला लागली होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

आता ते अंतराळाचं प्रकरण काय, ते सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. जमिनीवरच्या सौरपाट्यांना रात्र आडवी येते, ढग आडवे येतात. पृथ्वीपासून छत्तीस हजार किलोमीटर वर मात्र जवळजवळ सदा दिवस असतो. तिथं प्रचंड मोठ्या सौरपाट्या सोडायच्या. त्यांची वीज सूक्ष्मलहरींत बदलायची, मोबाइलच्या टॉवरमधून निघतात त्यांच्याच जातीच्या लहरींत, आणि त्यांचा झोत खाली पाठवायचा. खाली खांबांवर बारीक तारांची एक जाळी ताणलेली असेल, ती झोत झेलून त्याची पुन्हा वीज करेल. कल्पना पन्नासाहून जास्त वर्षं कागदावर आहे. अलीकडे छोटे प्रयोगही झाले. वरून चिमूटभर का होईना, खाली पोचली. पण असं केंद्र आज जगात कुठंही नाही. शेवटचं वाक्य वाचकांनी नीट लक्षात ठेवावं. मी ते व्याख्यानात सांगितलं होतं. एकदा. हळू आवाजात.

बोरीच्या फाट्यावर कदम सर मोटारसायकल घेऊन उभे होते. शाळेत विज्ञान शिकवतात. माझे लेख वाचून पत्रं पाठवणारे जगात जे मोजके लोक आहेत त्यांपैकी एक. गाव मोठं, शेतीचं; शाळेला लागून गायरान, म्हणजे गावाची गुरं-मेंढरं चरायची सरकारी जमीन. इकडे तिला नुसतं ‘माळ’ म्हणतात. पिवळं गवत, बोरीबाभळी, आणि पार टोकापर्यंत काही नाही.

व्याख्यान रंगलं. रंगलं की मी बिघडतो, हे माझ्या बायकोचं निदान आहे. शेवटी एका मुलीनं उठून विचारलं, "सर, खालची जाळी केवढी असती?"

"पाच-सहा किलोमीटर रुंद."

"म्हणजे केवढी?"

मी फळ्यावर गोल काढला. तिनं मान हलवली. फळा तर तेवढाच आहे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. आणि मला ती दुर्बुद्धी झाली. मी कदम सरांना म्हटलं, "माळावर चला. खऱ्या मापानं दाखवू."

सगळा गोल काढणं शक्य नव्हतं. मी ठरवलं, की त्या प्रचंड गोलाच्या कडेचा फक्त दोनशे मीटरचा तुकडा काढायचा, म्हणजे मुलांना अंदाज येईल. खेळाच्या खोलीतून फक्की आली (कबड्डीचं मैदान आखायची चुन्याची पूड), लांब टेप आला, मुलांनी बाभळीच्या खुंट्या तोडून आणल्या. वाक मी वहीत गणित करून काढला. एवढ्या मोठ्या गोलाचा दोनशे मीटरचा तुकडा मध्यावर जेमतेम पावणेदोन-दोन मीटर वाकतो, आणि माळाच्या उंचसखलपणात तेवढा वाक कुठल्या कुठे विरून गेला. तयार झाली ती एक सरळ रेघ. पांढरीशुभ्र, माळावरून निघून बांधापलीकडच्या एका रिकाम्या शेतात शिरणारी. दर दहा मीटरला खुंटी, खुंटीला लाल फीत, आणि मुलांनी हौसेनं प्रत्येकीवर घातलेला आकडा. मी डोक्याला टोपी, डोळ्याला काळा चष्मा, हातात वही, असा रेघेवरून येरझारा घालत होतो. माझा फोटो मी नंतर पाहिला. मला मीसुद्धा जमीन दिली नसती.

उंचवट्यावर एक बाई मेंढरांमागे काठी टेकून उभी होती. पन्नाशीची, डोक्यावरून पदर घट्ट. तिनं विचारलं, "काय करायलात, दादा?"

मी उत्साहात होतो. म्हटलं, "मोजणी! मोठं केंद्र आलं तर इथली किती जागा जाईल, ते बघतोय."

तिनं रेघेकडे पाहिलं, मग खुंट्यांकडे. जिभेनं एक आवाज काढला, मेंढरं वळवली आणि तरातरा निघून गेली. मला वाटलं, विज्ञान लोकांपर्यंत पोचतंय.

जेवण कदम सरांकडे. वहिनींनी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्यांची आणि मसाल्यांची पूड करून ठेवतात, ते येसर) आणि ठेचा वाढला. तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आडवा झालो. चार वाजता उठलो तेव्हा सर घरात नव्हते. वहिनी म्हणाल्या, रानात गेलेत. मी म्हटलं, उतरतं ऊन चांगलं आहे, लेखासाठी रेघेचा एक फोटो काढून येऊ.

माळावर पाऊल ठेवलं आणि मी जागच्या जागी थबकलो. मी चुकून दुसऱ्याच माळावर आलो असं वाटलं. पेडगावनंतर माझा स्वतःवर विश्वास उरला नव्हता. पण खुंट्या माझ्याच होत्या.

रेघेच्या दोन्ही बाजूंना तीस-चाळीस माणसं होती. एक गडी दर तीन पावलांवर खड्डा खणून त्यात आंब्याचं रोप लावत होता. दोघं पत्रे ओढत आणत होते. पत्र्यांवरचा दुकानाचा कागदही अजून निघाला नव्हता. बाजूला रोपांनी भरलेला टेम्पो उभा होता, तो झरीहून आला होता म्हणे, बोलावल्याशिवाय. पहिल्या खुंटीला हळदकुंकू लागलं होतं आणि पायथ्याशी नारळ फुटला होता. कुणीतरी मलाच खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून दिला आणि मी तो खाल्ला. माणूस भांबावला की हातात येईल ते खातो.

मी त्या गड्याला विचारलं, "हे काय?"

"आंबा हाय, सायब. पाच वर्साचा लिवा."

"अहो, हा वीतभर आहे."

"खानदानी हाय. उंचीला लहानच राहतो."

"फेब्रुवारीत आंबा लावतात का?"

"लावत न्हाईत," तो शांतपणे म्हणाला. "पर तुमीबी आदी सांगून येत न्हाई."

पत्रेवाला पुढं झाला. "हे आमचं घर हाय. आज्याच्या टायमापासून." मग एक म्हातारा काठी टेकत आला. त्याचं शेत रेघेपासून बरंच लांब होतं, आणि तक्रार नेमकी तीच होती. "सायब, रेघ जरा इकडं सरकवा की. आमी काय पाप केलंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जमीन सरकारात जायची असेल तर उभ्या झाडांची, घराची भरपाई वेगळी मिळते. हे इथल्या पोराटोरांना ठाऊक होतं. टेप, फक्की, आकडे घातलेल्या खुंट्या, काळ्या चष्म्यातला परगावचा माणूस: यापुढे काय येतं, हे ते बरोबर वाचत होते. अडाणी तिथं एकच होता.

मी एका दगडावर चढलो आणि ओरडलो, "ऐका हो! इथं काही येणार नाही. असं केंद्र जगात कुठंच नाही. मी फक्त मुलांना दाखवत होतो."

मग तो म्हातारा मागं वळून म्हणाला, "बगा, न्हाई म्हनायलेत. म्हंजी पक्कं हाय."

खड्डे दुप्पट वेगानं खणले जाऊ लागले.

एक माणूस असा होता, की जो माझ्या बाजूनं साक्ष देऊ शकला असता. कदम सर. त्यांनी व्याख्यान ऐकलं होतं, टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं होतं. मी रेघेवरून धावत सुटलो, बांध ओलांडला आणि त्या रिकाम्या शेतात शिरलो. तिथं, एकोणिसाव्या खुंटीपाशी, माझे यजमान उकिडवे बसून डाळिंबाच्या रोपाला माती लावत होते. रांगेत आठ रोपं आधीच लागली होती.

त्यांनी वर पाहिलं आणि ते कानापर्यंत लाल झाले.

"हे शेत तुमचं?" मी कसंबसं म्हटलं.

"हो."

"पण सर, तुम्हाला तर माहीत आहे!"

"माहीत आहे हो. सगळं माहीत आहे." त्यांनी हातावरची माती झटकली. "पण समजा... म्हणजे, सगळा गाव लावायलाय. उद्या खरंच काही निघालं, तर मी एकटा विज्ञान घेऊन बसू का?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण तेवढ्यात त्यांनी खाली मान घालून पुढचं सांगितलं. "तुम्ही लिंबाजीकडं जाऊन या, सर. त्यानं मेंढरं विकायला काढली म्हणतात."

सकाळची ती बाई म्हणजे लिंबाजीची बायको सोजरबाई. गावाच्या कडेला, माळाला लागून त्यांचं घर. काटेरी फांद्यांच्या वाड्यात मेंढरं होती, आणि प्रत्येकीच्या पाठीवर लाल रंगाचा ओला पट्टा होता. मेंढरांच्या व्यवहारात तो पट्टा म्हणजे विकल्याची खूण, हे मला विचारावं लागलं नाही.

लिंबाजी दारात बसला होता. सडपातळ, पांढऱ्या मिशांचा. दुपारी जिंतूरकडचा व्यापारी गावात होता. रुमालाखाली दोघांनी बोटं धरली होती (किंमत तोंडानं न बोलता बोटांनी ठरते, म्हणजे चारचौघांत कळत नाही), शब्द झाला होता. सकाळी गाडी येणार होती. एकसष्ट मेंढरं, सगळीच्या सगळी.

"कशासाठी?" मी विचारलं.

सोजरबाई चुलीपासूनच बोलली. "सकाळी तुमीच म्हनलात, जागा जानार. रानायनी पिकं हायेत तवर मेंढरं माळावरच जगत्यात. माळ गेल्यावर काय आमी त्यायला पदराखाली ठिवावं?"

मी तिथंच जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. रेघ खोटी आहे, केंद्र नाही, ते आलंच तर जाळी उंचावर असेल, खालून मेंढरं खुशाल चरतील.

लिंबाजीनं सगळं ऐकून घेतलं. "कालव्याच्या टायमाला दोन पोरं आले," तो म्हणाला. "टेप लावला. इचारलं, तर म्हनले, नुसतं बगायलोत. मंग फक्की. मंग खुट्या. मंग कागद. तिकडल्या गावाला सोलरच्या पाट्या बसल्या, तवाबी आसंच. खालून चारा म्हनले. आता काटेरी तार हाय."

"पण माझी मोजणी खोटी होती."

"मोजनी खोटी कशी? टेप तर खरा व्हता."

टेप खरा होता. गणितही बरोबर होतं. मी एक माणूस बोलता बोलता चार तासांत उठवला होता आणि त्याला परत बसवायला माझ्याकडे पुरावा नव्हता. उद्या मी गाडीत बसून जाणार, परवा माळ तिथंच असणार, आणि याच्या दारात मेंढरू नसणार.

सोजरबाई उठून समोर आली. "तुमी लबाड न्हाईत दिसत," ती म्हणाली. "नुसते येडे दिसता. पर तुमच्या बोलन्यावर मी मेंढरं ठिवनार न्हाई. एक करा. रेघ कदम सरांच्या रानात शिरली हाय. त्येंचा हरबरा निघालाय, रान मोकळं हाय. त्येनी आमची मेंढरं बसवून घ्यावी."

मेंढरं बसवणं म्हणजे मोकळ्या शेतात कळप रात्रभर मुक्कामाला ठेवणं. लेंड्यांचं खत शेताला मिळतं आणि शेतकरी मेंढपाळाला त्याबद्दल धान्य देतो. इकडची जुनी रीत आहे.

"त्यानं काय होईल?" मी विचारलं.

"जे रान जानार हाय, त्येला कोन पदरची ज्वारी घालून खत देतंय?"

तीस वर्षं मी कॉलेजात प्रयोगाची मांडणी शिकवली. इतकी चोख मांडणी माझ्या एकाही विद्यार्थ्यानं केली नाही, आणि मीही नाही.

मी आणि सोजरबाई सरांच्या घरी गेलो. लिंबाजी मागं दहा पावलं अंतर ठेवून आला. सरांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "बसवतो की. पण माळाकडच्या बाजूला नको, खाली बसवू. तिकडं डाळिंबं..."

"डाळिंबं?" वहिनी आतून आल्या. त्यांना रोपांचं माहीतच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे, मग सोजरबाईकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "शाळेत लेकरांला सांगता, पुराव्याशिवाय काही मानू नका. अन् रानात पुरावे लावता व्हय?"

सरांनी तोंड उघडलं. वहिनी ऐकायला थांबल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी ज्वारीची पाटी भरून आणली आणि उंबऱ्यात ठेवली. "चला. उपटा आधी."

दिवस मावळायच्या आत कदम सरांनी, सगळा माळ बघत असताना, एकेक करून डाळिंबाची रोपं उपटली. तो देखावा विसरणार नाही. शाळेतले गुरुजी स्वतःच लावलेलं रोप हलक्या हातानं सोडवून बांधावर ठेवतायत आणि पलीकडे चाळीस माणसं फावडी टेकून बघतायत. मग वहिनींनी सोजरबाईच्या पोत्यात ज्वारी ओतली. ओतण्याचा आवाज आला तशी पलीकडची कुजबुज थांबली. लिंबाजीनं कळप हाकला. एकसष्ट मेंढरं बांधावरून उतरली आणि माझ्या दोनशे मीटरच्या रेघेवरून, तिच्या अठराव्या, एकोणिसाव्या, विसाव्या खुंटीवरून, धुरळा उडवत शेतात शिरली.

"ज्वारी दिली?" आंबेवाला गडी कुणालातरी विचारत होता.

"पाटीभर. डोळ्यांनी बगितलं."

"मग न्हाई येत काही." त्यानं फावडं खांद्यावर टाकलं आणि टेम्पोवाल्याकडे वळला. "ए, रोपं माघारी घे." टेम्पोवाल्यानं गाडी सुरू केली होती. सगळ्यांआधी त्याला कळलं होतं.

मी सुटलो, असं मला वाटलं. वहिनींच्या हातच्या भाकऱ्या त्या संध्याकाळी पुन्हा तीन खाल्ल्या.

सकाळी चहा घेऊन सरांबरोबर शेतात गेलो. रेघ कुठे होती ते शोधावं लागत होतं. आणि कडेला व्यापाऱ्याची गाडी उभी होती.

व्यापारी काही वाईट माणूस नव्हता. बारीक, घसा बसलेला, गळ्यात मफलर. तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. "मी आलो न्हवतो मागायला. तुमी आवाज दिला. बोटं धरली. शब्द झाला का न्हाई झाला?"

"झाला," लिंबाजी म्हणाला.

"मग?"

"केंद्र येत न्हाई," सोजरबाई म्हणाली.

"कंचं केंद्र? मी केंद्रासंगं बोटं धरली का?"

लिंबाजी जमिनीकडे बघत होता. मी पुढं झालो, माझी चूक आहे म्हणालो, खिशात हात घातला. सोजरबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की हात खिशातच राहिला. हा दोन माणसांच्या शब्दाचा मामला होता, त्यात माझ्या खिशाला कुणी बोलावलं नव्हतं.

बरीच घासाघीस झाली. शेवटी अकरावर तुटलं. अकरा घेऊन जायची, बाकीच्यांचा शब्द दोघांनी माघारी घ्यायचा. निवडायचं काम सोजरबाईनं केलं. ती कळपात शिरली आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत, मानेखाली हात घालत पुढं सरकू लागली. मला सगळी मेंढरं सारखी दिसत होती. तिला कुठलीही दोन सारखी दिसत नव्हती, म्हणून वेळ लागत होता. अकरावी तिनं दोनदा सोडली आणि तिसऱ्यांदा धरली. गाडीत चढवल्यावर तीच एक उडी मारून खाली आली आणि सरळ सोजरबाईच्या पायांशी येऊन उभी राहिली. सोजरबाईनंच तिला उचलून पुन्हा वर दिलं.

मी हे सगळं उभं राहून पाहिलं. कुणी मला काही बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

गाडी गेली. सोजरबाईनं पदरानं हात पुसले आणि माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर सांगत व्हते, तुमचं ते वर हाय म्हनं. लय वर."

"हो. छत्तीस हजार किलोमीटर."

"तिथं कुनाचं रान न्हाई?"

"नाही. कुणाचंच नाही."

"मेंढरं?"

"नाही."

"मग वर येवढी मोकळी जागा आसताना," ती म्हणाली, "खाली जागा कामून लागती?"

उत्तर मला येत होतं. मी सुरुवातही केली, की झोत जितका लांबून येतो तितका पसरतो... ती ऐकत उभी राहिली, पण तिचं लक्ष कळपाकडे होतं. पन्नास मेंढरं सरांच्या शेतातून माळाकडे निघाली होती. "जाते बाबा," ती म्हणाली, आणि गेली.

कदम सरांनी मला परभणीच्या फलाटावर आणून गाडीत, माझ्या जागेवर बसवून दिलं. माझ्यावर त्यांचाही भरवसा राहिला नव्हता. गाडी सुटल्यावर मी वही काढली आणि सोजरबाईला देता न आलेलं उत्तर पूर्ण लिहून काढलं. लहरींची लांबी, वरच्या यंत्राचा आकार, मधलं अंतर, आणि त्यावरून खालच्या जागेची रुंदी. निसर्गाचा नियम आहे, त्याला कुणाचा इलाज नाही. उत्तर बरोबर आहे. मी ते पुन्हा पुन्हा तपासलं. कुठंही चूक सापडली नाही आणि त्याचाच धक्का मला अजून पचलेला नाही. एवढी वर्षं मी हे गणित फळ्यावर करत आलो. वरती सूर्य काढायचो, मध्ये झोत, आणि तळाशी एक आडवी रेघ. तिला ‘पृथ्वी’ असं नाव द्यायचो आणि फळा पुसायचो. त्या रेघेवर काय आहे, असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.